शिवायला स्वतः पैसे मोजणारे गिऱ्हाईक

शिवणाच्या धंद्यात एक गोष्ट आपण धरूनच चालतो. गिऱ्हाईक कापड आणते, कारागीर शिवतो आणि मजुरी घेतो. मुंबईतल्या कारखान्यापासून तालुक्याच्या गावातल्या एका मशीनच्या दुकानापर्यंत हिशेब हाच. पण अमेरिकेत याच्या अगदी उलट वागणारे एक गिऱ्हाईक आहे. ते स्वतःचे कापड, स्वतःचे मशीन आणि चार मैत्रिणी बरोबर घेऊन दूरच्या गावी जाते, तीन दिवस राहण्या-जेवणाचे पैसे भरते आणि सकाळपासून रात्री उशिरापर्यंत शिवत बसते. त्या शिवणाची मजुरी कोणी देत नाही आणि तिची अपेक्षाही नसते. परत जाताना मात्र ती वाटेतल्या दुकानातून आणखी कापड विकत घेते.

आमच्या वाचकांत शिंपी आहेत, कटपीसवाले आहेत, गाद्या-रजयांचे काम करणारे मन्सुरी-नदाफ आहेत. हे गिऱ्हाईक नेमके काय विकत घेते हे त्यांनी एकदा समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

इंग्रजीत ज्याला क्विल्ट म्हणतात ती आपली गोधडीच. तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेला नक्षीचा थर, मध्ये कापसाचा भर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धरून ठेवणारे टाके. असे काम करण्यासाठी घर सोडून काही दिवस एकत्र राहण्याला तिकडे 'क्विल्टिंग रिट्रीट' म्हणतात. आपण त्याला गोधडी शिबिर म्हणू.

शिबिरात कधी आठ-दहा तर कधी वीस-पंचवीस बाया असतात. बहुतेकींची मुले मोठी झालेली, काही नोकरीतून निवृत्त झालेल्या. पुरुषही असतात, पण थोडे. शुक्रवारी यायचे आणि रविवारी दुपारी निघायचे. जागा म्हणजे एखादे बंद पडलेले शाळेचे घर, शेतावरचा मोठा वाडा किंवा याच कामासाठी बांधलेली इमारत. प्रत्येकीला एक टेबल आणि चांगला दिवा. कापड कापायचे टेबल कमरेइतके उंच, म्हणजे वाकावे लागत नाही. एका भिंतीला फ्लॅनेल लावलेले असते. त्यावर सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात, आणि शिवण्याआधी दहा पावले मागे जाऊन रंगांची जुळणी पाहता येते. ज्यांनी अशी जागा चालवली त्यांना पहिला धडा इस्त्रीने शिकवलेला असतो. एकाच वायरवर तीन-चार इस्त्र्या लागल्या की फ्यूज जातो आणि वीस मशीन एकदम बंद पडतात. म्हणून चांगल्या शिबिरघरात इस्त्र्यांची लाइन वेगळी टाकलेली असते.

बाया आणतात ती मशीनही पाहण्यासारखी असतात. हजारो डॉलरच्या कॉम्प्युटर मशीनशेजारी काळ्या रंगाचे, सोनेरी वेलबुट्टीचे जुने सिंगर फेदरवेट दिसते. हे १९३३ साली बाजारात आले. वजन जेमतेम पाच किलो, फक्त सरळ टाका मारते, पण तो टाका इतका सुबक की आजही बाया ते जपून ठेवतात. ही मशीन दुरुस्त करणारे आणि त्यांचे सुटे भाग विकणारे कारागीर तिकडे त्यावर पोट भरतात.

आता तीन दिवसांत शिवतात काय? पुष्कळजणी तर नवे काहीच सुरू करत नाहीत. वर्षानुवर्षे घरात पडलेली अर्धवट कामे पेटीतून काढतात. त्यांना त्या गमतीने 'यूएफओ' म्हणतात. उडत्या तबकडीला जे नाव, तेच अपुऱ्या राहिलेल्या गोधडीला! घरी दहा मिनिटे शिवले की दाराची घंटा वाजते, भाजी करपते, नातवंड रडते. इथे सलग दहा तास मिळतात. त्या या दहा तासांचे पैसे भरतात, असे म्हटले तरी चालेल.

बाकीच्या लहान वस्तू करतात. पिशवी, उशीचा अभ्रा, टेबलावरची पट्टी, टाचण्यांची गादी, बाळाची दुपटी. काही शिबिरांत गुपिताची गोधडी असते. सूचना एकेका पाकिटात, टप्प्याटप्प्याने मिळतात आणि शेवटचे पाकीट उघडेपर्यंत आपण काय शिवतो आहोत हे कोणालाच ठाऊक नसते. दुसरा प्रकार फिरत्या गोधडीचा. एकीने मधला चौकोन करायचा, दुसरीने त्याला पहिली किनार लावायची, तिसरीने दुसरी. शेवटी गोधडी पहिलीकडे परत येते तेव्हा तिच्यात पाच-सहा हातांचे काम असते. दानासाठीही शिवतात. आजारी किंवा अडचणीत सापडलेल्या मुलांना पांघरुणे देणारी प्रोजेक्ट लायनस ही संस्था १९९५ पासून, आणि सैनिकांना गोधड्या देणारी क्विल्ट्स ऑफ व्हेलर २००३ पासून काम करते. शिबिरांत होणाऱ्या कामाचा काही भाग अशा संस्थांना जातो.

सगळ्यांत गमतीची असते पट्ट्यांची शर्यत. अडीच इंच रुंदीच्या चाळीस पट्ट्या घ्यायच्या आणि टोकाला टोक जोडत एकच लांब पट्टी करायची. ती साधारण १६०० इंच होते. मग तिची दोन्ही टोके एकत्र आणून लांबीभर शिवायचे, म्हणजे ८०० इंच लांब आणि दोन पट्ट्या रुंद. पुन्हा तसेच, ४०० इंच आणि चार पट्ट्या. मग २०० आणि आठ, १०० आणि सोळा, शेवटी ५० इंच लांब आणि बत्तीस पट्ट्या रुंद. शिवणीत जाणारे कापड वजा करता प्रत्येक पट्टी दोन इंच उरते, म्हणजे रुंदी चौसष्ट इंच. नक्षी कशी येईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही, मोजमाप मात्र चुकत नाही. पहिली कोण संपवते यावर आरडाओरड होते आणि दीड-दोन तासांत गोधडीचा वरचा थर हातात येतो. आमच्या शिंपी बांधवांनी हे एकदा घरच्या पोरांना करायला लावावे. गणित आणि शिवण दोन्ही शिकतील.

मैत्रिणींनी मिळून गोधडी करण्याची रीत तिकडे जुनी आहे. १८४० च्या दशकात कापडावर टिकणारी शाई मिळू लागली, तेव्हा प्रत्येकीने एक चौकोन करून त्यावर आपले नाव लिहायचे आणि पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या घरातल्या बाईला ती गोधडी द्यायची, असा रिवाज पडला. जाणारी बाई परत भेटेल याची खात्री नसे. आजच्या शिबिरातली चौकोनांची अदलाबदल त्याच रिवाजाची पुढची पायरी. बारा मैत्रिणी असतील तर प्रत्येकीने एकाच नमुन्याचे बारा चौकोन करायचे आणि एकमेकींना वाटायचे. प्रत्येकीच्या हातात बारा वेगवेगळे चौकोन येतात.

इथे शिंप्याच्या कामाची गोष्ट येते. या कामात शिवणीला दोन सूत, म्हणजे पाव इंच कापड सोडतात. आपल्याकडे कपड्यात चार सूत सोडले काय आणि पाच सोडले काय, अंगावर फारसे कळत नाही. पण एका ओळीत नऊ तुकडे म्हणजे आठ शिवणी. एखादीने प्रत्येक शिवणीत फक्त अर्धे सूत जास्त धरले, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून दर शिवणीत एक सूत गेले. आठ शिवणीत आठ सूत. म्हणजे बारा इंचांचा चौकोन अकरा इंचांचा झाला आणि बाराही मैत्रिणींच्या गोधडीत तो एक चौकोन बसत नाही. म्हणून शिबिरात पहिल्या सकाळी प्रत्येकजण चिंधीवर शिवण मारून पट्टीने मोजते. मैत्री आपल्या जागी, दोन सूत आपल्या जागी.

इतकी मेहनत घेणाऱ्या या बाया गोधड्या विकत का नाहीत? हिशेब करून पाहू. समजा एका मोठ्या गोधडीला साठ तास लागले. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेली किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. कुशल कारागिराला हा दर म्हणजे अपमानच, पण तोच धरला तरी ४३५ डॉलर झाले. वरचा थर आणि अस्तर मिळून दहा-बारा वार कापड, वाराला बारा-तेरा डॉलर. त्यात भर आणि दोरा मिळवला की गोधडी सहाशे डॉलरच्या आसपास जाते. मोठ्या दुकानात आशियात शिवलेली गोधडी याच्या लहानशा भागात मिळते. १९९२ साली यावरून तिथे मोठा वाद झाला होता. स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या जुन्या अमेरिकन गोधड्यांचे नमुने एका कंपनीला दिले आणि तिने ते चीनमध्ये शिवून घेऊन स्वस्तात विकायला काढले. देशभरच्या गोधडीवाल्या बायांनी निषेध केला. त्यांचा राग खरा होता, पण बाजारातला भाव त्या रागाने बदलला नाही.

तयार गोधडी विकून पोट भरण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स परगण्यात गरीब काळ्या शेतमजूर बायांनी मार्च १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. मतदार यादीत नाव घातले म्हणून कित्येक कुटुंबांना जमीनदारांनी घरातून काढले होते, तो तो काळ. फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्र्याने दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या, दहा-दहा डॉलरला विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कला लिलावात पाठवल्या. मग ब्लूमिंग्डेल्ससारख्या बड्या दुकानाची मागणी आली. मागणीबरोबर अटी आल्या. सगळ्या गोधड्या एका मापाच्या, एका नमुन्याच्या, ठरलेल्या रंगाच्या. ज्या बाया जुन्या विजारींच्या तुकड्यांतून मनाला येईल तशी नक्षी काढत, त्यांना एकसारखा माल काढावा लागला. १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले आणि संस्था मुख्यतः त्यावर चालली. अभ्ऱ्यांची मजुरी नियमित येई. कौशल्य मात्र दिसले ते उरलेल्या कॉर्डरॉयच्या तुकड्यांतून, जे बायांनी घरी नेऊन स्वतःसाठी शिवले.

त्याच भागातल्या जीज बेंड गावाच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कला भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ मध्ये त्यांच्या चित्रांची दहा टपाल तिकिटे निघाली. २००७ मध्ये काही कारागीर बायांनी मोबदला आणि हक्क यांवरून दावे लावले आणि २००८ मध्ये ते आपसांत मिटले. पन्नास वर्षे पांघरलेली वस्तू एकदा कला ठरली की तिचे पैसे कोणाला, हा प्रश्न तिथेही सुटायला सोपा गेला नाही. सहकारी संस्था २०१२ मध्ये बंद झाली.

म्हणजे एकाच देशात दोन प्रकारच्या बाया. एक शिवून पैसे मिळवू पाहत होती आणि तिला पुरेसे मिळाले नाहीत. दुसरी शिवण्यासाठी पैसे देते आणि तिच्याभोवती मोठा व्यापार उभा आहे. व्यापाऱ्याने पाहायचे ते या दुसरीकडे.

पहिली वस्तू म्हणजे कापलेले कापड. तिकडे गोधडीच्या सुती कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच असतो. पाव वार मागितला तर ९ इंच लांब आणि ४४ इंच रुंद अशी पट्टी मिळते. तिच्यातून नऊ इंचांहून मोठा चौकोन निघत नाही. कोणीतरी युक्ती केली. अर्धा वार, म्हणजे १८ इंच कापड फाडले आणि ते रुंदीत मधोमध कापले. १८ बाय २२ इंचांचे दोन तुकडे झाले. कापड तेवढेच, पाव वारच, पण तुकडा कामाचा. त्याला 'फॅट क्वार्टर', म्हणजे गुबगुबीत पाव म्हणतात. दुकानात हे तुकडे घडी करून, रिबन बांधून टोपलीत मांडतात आणि शिबिरावरून येणारी बाई मूठभर उचलते.

त्याच्या पुढची पायरी मोडा या कापड कंपनीने रूढ केली. एका मालिकेतल्या सगळ्या छापांच्या अडीच इंची पट्ट्या कापून, साधारण चाळीस पट्ट्यांची गुंडाळी करायची. नाव दिले 'जेली रोल'. वर सांगितलेली शर्यत याच गुंडाळीवर चालते. दहा इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला 'लेयर केक'. सगळी नावे मिठाईची! आता कापडवाल्याच्या नजरेने पाहा. चाळीस पट्ट्या गुणिले अडीच इंच म्हणजे शंभर इंच, पावणेतीन वारांपेक्षा थोडे जास्त. सुट्या भावाने त्याचे पस्तीस डॉलरच्या आसपास होतील. गुंडाळी चाळीस-पन्नास डॉलरला जाते. वरचे पैसे कापणीचे, रंगजुळणीचे आणि गिऱ्हाइकाचा वेळ वाचवल्याचे. चाळीस छाप घ्यायचे तर एरवी तिला चाळीस तागे उतरवून घ्यावे लागले असते.

दुसरी वस्तू जॉबवर्क. वरचा थर शिवणे ही हौस. तीन थर एकत्र धरून मोठ्या गोधडीवर टाके मारणे हे घरच्या मशीनवर कंबर मोडणारे काम. त्यासाठी लांब हाताचे मोठे मशीन लागते आणि ते ज्यांच्याकडे आहे ते चौरस इंचावर मजुरी घेतात. साध्या नक्षीला दोन-तीन सेंट इंच. ६४ बाय ८० इंचांची गोधडी म्हणजे ५१२० चौरस इंच, अडीच सेंटने १२८ डॉलर. हौशी बाईला स्वतःच्या साठ तासांचे काही मिळत नाही, पण या कारागिराची मजुरी रोखीने चुकती होते.

मिझुरी राज्यातल्या हॅमिल्टन गावाची गोष्ट यातूनच सुरू झाली. जेनी डोन या बाईंनी एक गोधडी टाके मारायला दिली आणि काम करणाऱ्याकडे नंबर इतका लांब होता की महिनोन्‌महिने थांबावे लागणार होते. एवढी रांग म्हणजे धंदा आहे, हे मुलांच्या लक्षात आले. २००८ मध्ये त्यांनी आईला लांब हाताचे मशीन घेऊन दिले. मग इंटरनेटवर तिच्या शिकवणीच्या फिती टाकल्या, कापलेल्या कापडाची विक्री सुरू केली आणि 'मिझुरी स्टार' हे नाव झाले. दोन हजारांपेक्षा कमी वस्तीचे, उतरणीला लागलेले गाव. आज तिथे मुख्य रस्त्यावर त्यांची एकामागून एक कापडाची दुकाने आहेत, शिबिराला येणाऱ्यांच्या राहण्याची सोय आहे आणि गाड्या भरभरून बाया येतात. जे. सी. पेनी या प्रसिद्ध दुकानदाराचा जन्मही याच गावचा, १८७५ चा. उलट १९४३ पासून चालत आलेली जोॲन ही कापड-शिवणाची प्रचंड साखळी, देशभर आठशेच्या घरात दुकाने असलेली, दिवाळे निघून २०२५ मध्ये पूर्ण बंद झाली. कारणे अनेक होती, कर्जही होते. पण कापड घरबसल्या मागवता येऊ लागल्यावर दुकानदाराकडे उरते काय, तर शिकवणे आणि बसायला जागा देणे. लहान दुकाने स्वतः शिबिरे भरवतात ती याचसाठी.

आता हा माल येतो कुठून? यातली एक गोष्ट आमच्या कारागिरांना जवळची वाटेल. अमेरिकेतल्या गोधडी दुकानात बाटिकचा वेगळा कप्पा असतो आणि ते कापड इंडोनेशियातून, जावा-बालीतून येते. तांब्याचा ठसा गरम मेणात बुडवून कापडावर मारायचा, रंग द्यायचा, मेण काढायचे. त्या ठशाला तिथे 'चाप' म्हणतात, आपला 'छाप'च कानाला लागतो. या कारागिरांनी गोधड्या शिवून पाठवल्या नाहीत. गोधडीला लागते तसे घट्ट विणीचे सुती कापड घेतले, त्यावर आपले जुने काम केले आणि तागे, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, चौकोनांचे गठ्ठे पाठवले. त्यांची कला त्यांच्याकडे राहिली आणि शिवण्याची हौस गिऱ्हाइकाकडे. तसे पाहिले तर आपली छींट तीनशे वर्षांपूर्वी याच वाटेने गेली होती. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगीत कापडातली फुले-पक्षी कापून इंग्लंड-अमेरिकेतल्या बाया पांघरुणांवर शिवत. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द त्या छींटीचाच.

पण या गिऱ्हाइकाच्या अटी कडक आहेत. कापलेल्या पट्ट्या आधी धुता येत नाहीत, कडांचे दोरे सुटून गुंता होतो. म्हणजे पहिली धुलाई होते ती गोधडी पूर्ण झाल्यावर. त्या वेळी लाल रंग सुटून शेजारच्या पांढऱ्यावर गेला तर साठ तास पाण्यात गेले, आणि त्या मालाचे नाव पुढच्या शिबिरात वीस जणींना कळले. तीच गोष्ट आटण्याची. एक तुकडा आटला आणि शेजारचा नाही, की गोधडी चुरगळते. ओल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा रंगीत कापडावर घासून पाहणे ही तपासणी कोणीही करू शकतो, आणि माल पाठवण्याआधी करावी. माप चुकणेही चालत नाही. अडीच इंच म्हणजे अडीचच. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने फिरत्या पात्याची सुरी आणली तेव्हापासून कात्रीची वेडीवाकडी कड तिकडे कोणी घेत नाही.

मधल्या भराबद्दल नदाफ बांधवांना एक सांगण्यासारखे आहे. धुनकीने पिंजलेला सुटा कापूस भरला की टाके जवळजवळ घालावे लागतात, नाहीतर दोन धुलाईत कापूस एका कोपऱ्यात जमतो. जुन्या गोधड्यांवर इतके दाट टाके का, याचे एक मोठे कारण हेच. नक्षी नंतरची. आज तिकडे मिळणारा सुती भर सुयांनी ठोकून पातळ जाळीत गुंतवलेला असतो आणि ताग्यासारखा गुंडाळून येतो. त्याला आठ-दहा इंचांवर टाका घातला तरी चालतो. म्हणून तो महाग असूनही खपतो.

शेवटी आपल्या शेजारच्या एका गोधडीबद्दल. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. जंजिऱ्याचे सिद्दी महाराष्ट्राला इतिहासातून ठाऊक आहेत. हे मात्र जंगलाच्या कडेला राहणारे गरीब शेतकरी-मजूर, आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. तिन्ही घरांतल्या बाया एकाच रीतीने गोधडी शिवतात. कोकणी बोलीत तिला कवंदी म्हणतात. अस्तराला जुनी साडी घ्यायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, जुन्या कपड्यांचे तुकडे ठेवत ठेवत हातानेच धावदोरा घालत कडेने फिरायचे आणि फेऱ्यांनी फेऱ्यांनी आत सरकत मध्यावर संपवायचे. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले लहान तुकडे लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे उघडी-बोडकी.

अमेरिकेतले कला-अभ्यासक हेन्री ड्रेवल यांनी हे काम पाहिले आणि २००४ मध्ये त्यांच्या मदतीने सिद्दी बायांची सहकारी संस्था सुरू झाली. कवंद्या परदेशी प्रदर्शनांत गेल्या. आणि आता गंमत अशी की अमेरिकेतल्या गोधडी शिबिरांत, मशीनवर पाठ दुखली की बाया हातात सुई घेऊन 'कवंदी' शिवायला बसतात. शिकवणारे वर्ग निघाले आहेत, त्यांची फी असते. नाव कवंदीच ठेवले आहे, ही जमेची बाजू. पण वर्गाची फी भरणारी बाई आणि हल्याळकडची शिवणारी बाई यांच्यात पैशाचा धागा बहुतेक वेळा जोडलेला नसतो. सिद्दी बायांनी गोधडी विकावी, हे आपल्याला चटकन सुचते. त्यांनी आठ दिवस पाहुण्यांना बसवून शिकवावे आणि फी घ्यावी, हे सुचत नाही. हौशी गिऱ्हाइकाचा वरचा हिशेब पाहता दुसऱ्यात पैसा जास्त आहे असे आम्हाला वाटते. पाहुण्यांसाठी स्वच्छ खोली, पाणी आणि रात्रीचा दिवा एवढी सोय मात्र आधी लागेल.

आपल्याकडेही हे गिऱ्हाईक तयार होऊ लागले आहे. चेन्नईत २०१९ मध्ये इंडिया क्विल्ट फेस्टिवल भरला. शहरांतल्या शिकलेल्या बाया गोधडीकाम छंद म्हणून शिकत आहेत आणि त्यांना चांगले सुती तुकडे हवे असतात. आमच्या कटपीसवाल्यांकडे आणि चिंधीवाल्यांकडे तुकड्यांचा तोटा नाही. अडचण भेसळीची आहे. कुर्त्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोत्यात सुती, टेरीकॉट, रेयॉन सगळे एकत्र असते आणि हौशी गिऱ्हाईक एक टेरीकॉटचा तुकडा निघाला तरी पुन्हा येत नाही. पोते फोडल्यावर आधी रंगाने नव्हे, जातीने वेगळे करावे. शंका आली तर दोन दोरे ओढून काडीने पेटवावेत. कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राख राहिली तर तुकडा सुती किंवा रेयॉनचा. रेयॉन ओला केला की सहज फाटतो, सुती फाटत नाही. टोकाला टणक काळा मणी झाला तर तो तुकडा दुसऱ्या पोत्यात.